बार्कर, पोतनीस, पखाले

सेम्बावांग, सिंगापूर
६ जुलै २०१४

काका, नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की शेजारचे लोक दार किलकिलं करून बघतात. म्हणून हे पत्र.

एक काम आहे. माझा शाळा सोडल्याचा दाखला पाठवाल का? आबांच्या कागदांबरोबर तुमच्या कपाटात असेल. आम्ही इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहोत हे मागे लिहिलं होतंच. मी घरी जन्मलो, नोंद कोणी केली नाही, त्यामुळे जन्मतारखेचा माझ्याकडे तेवढा एकच पुरावा. रजिस्टर पोस्टाने पाठवा. घाई नाही, पण उशीरही नको.

बाकी ठीक. सकाळी कंपनीची बस ब्लॉकखाली येते. सेम्बावांगपासून तुआसपर्यंत सव्वा तास मी झोपतो, दिवसभर जहाजांच्या यार्डात वेल्डिंगचे सांधे तपासतो, आणि तसाच झोपत घरी येतो. श्रिया साडेपाच वर्षांची झाली. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते आणि शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह' लावते. विनीता रागावली की म्हणते, "आई, डोन्ट स्कोल्ड लाह."

यार्डात नवा साहेब आला आहे. जॉर्ज बार्कर, इंग्लंडच्या उत्तरेकडचा, साठीचा माणूस. कँटीनमध्ये आमच्याच टेबलावर बसून चिकन राईस खातो. परवा माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून म्हणाला, "पखाले. याचा अर्थ काय?" मी म्हटलं, काही नाही, नुसतं नाव आहे. तो म्हणाला, "माझंही तसंच." तुम्हाला आडनावांचा नाद, म्हणून लिहिलं.

तुमचा,
निशी


सोलापूर
२४ जुलै २०१४

निशी,

दाखला सापडला. आबांच्या मिलच्या पासबुकात घडी करून ठेवला होता. पण तो राहू दे बाजूला, आधी तुझ्या साहेबाकडे वळू.

नुसतं नाव असं जगात काही नसतं. पस्तीस वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्तीला शाल-श्रीफळ नको, तो जाडा इंग्रजी कोश द्या, म्हणून मागून घेतला. भिंग घेऊन बसलो. बार्कर या शब्दाखाली बरेच अर्थ आहेत, आणि बहुतेकांपुढे 'जुना' किंवा 'लुप्त' असा शिक्का. भुंकणारा, हा एक. जत्रेत तंबूबाहेर उभा राहून लोकांना आत बोलावणारा, हा दुसरा; ते काम मीही आयुष्यभर केलं, फक्त माझ्या तंबूत लोक आले नाहीत. चोरांच्या बोलीत पिस्तुलाला बार्कर म्हणत. पण आडनाव यातल्या कशावरूनही आलेलं नाही. काही घराण्यांचं मेंढपाळाच्या फ्रेंच शब्दावरून आलं असं म्हणतात. आणि बाकीच्यांचं? नीट वाच. झाडाची साल काढून त्या सालीने कातडं कमावणारा, तो बार्कर!

तिकडे ओकची साल, आपल्याकडे बाभळीची. तिकडेही कातडं कमावणाऱ्यांना वस्तीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला बसवत. माझ्या आज्याच्या हौदांना जो वास होता तोच तुझ्या साहेबाच्या खापरपणज्याच्या हौदांना असणार. आपण ते कातडं कमवायचो आणि त्याच्या पखाली शिवायचो, बैलाच्या पाठीवर टाकायच्या पाण्याच्या पिशव्या. नळ आले, पखाल गेली, आडनाव उरलं. आज सोलापुरात दहावीच्या पोराला विचार, पखाल म्हणजे काय ते सांगता येणार नाही. पण पखाले म्हणजे कोण, ते त्याला बरोब्बर सांगता येईल.

जा आणि साहेबाला सांग. ताठ उभा राहून सांग.

आता तुझ्याबद्दल. 'घाई नाही, पण उशीरही नको' असं माणूस कधी लिहितो ते मला माहीत आहे. वर्गात खोटं बोलणारी पोरं मी त्यांच्या वाक्यावरून ओळखायचो. दाखला कशाला हवाय?

पद्माकरकाका


सेम्बावांग
१७ ऑगस्ट २०१४

काका,

पकडलंत. लहानपणीही पकडायचात.

दाखला नागरिकत्वासाठी हवाय हे खरं आहे. पण त्याआधी तो मला वकिलाकडे न्यायचा आहे. इथे साध्या प्रतिज्ञापत्राने नाव बदलता येतं. मी आडनाव बदलतो आहे. माझं आणि श्रियाचं. पुढच्या जुलैत तिचा पहिलीचा प्रवेश आहे, त्याच्या आत व्हायला हवं. नागरिकत्वाच्या कागदांवर जे नाव जाईल ते कायमचं.

रागवण्याआधी ऐका. इथे येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी इथल्या मराठी लोकांच्या गणपतीला पहिल्यांदा गेलो. अभय पोतनीस नावाचे गृहस्थ आहेत, आमच्याच कंपनीत फायनान्सला. दर वर्षी ते एक गोष्ट सांगतात. पोत म्हणजे खजिना, तो सांभाळणारे आम्ही, अमुक जहागिरीच्या किल्ल्या आमच्या घरात होत्या. ती सांगून झाली आणि हातात प्रसादाची प्लेट घेऊन त्यांनी मला विचारलं, "आणि पखाले म्हणजे? मूळचे कुठले तुम्ही?" दहा-बारा माणसं उभी होती. त्यांच्या प्रश्नात काही वाईट नव्हतं. ते सगळ्यांनाच विचारतात.

मी म्हटलं, देवाच्या अभिषेकाचं पाणी पखालीतून आणायचा मान आमच्या घराण्याकडे होता.

त्यांची बायको मीनल म्हणाली, "अय्या, किती छान!" त्या दिवसापासून मी मानकरी आहे. एखादं नवं कुटुंब आलं की अभय स्वतःच माझी ओळख करून देतो, "हे पखाले, अभिषेकाच्या पाण्याचे मानकरी." आणि मी हसतो. विनीताच्या हातचे उकडीचे मोदक सगळ्यांना आवडतात, तेव्हापासून गणपतीचे मोदक आमच्याकडून. एकशे एक. या वर्षी पाचवी खेप. २९ तारखेला, शुक्रवारी, गणपती बसतात. लिटिल इंडियातून आंबेमोहोर पिठी आणून ठेवली आहे.

मला हे सगळं संपवायचं आहे. अर्थच नसलेलं एखादं आडनाव घ्यायचं आणि गप्प बसायचं.

तुमचं ऐकून साहेबाला मात्र दोन्ही नावांचे अर्थ सांगितले. बार्कर टेबलावर हात आपटून हसला. "माझा बाप आयुष्यभर सांगत होता आम्ही मेंढपाळ! कातडीवाले? शाब्बास!" त्याने लगेच बायकोला फोन लावून सांगितलं. काका, मी त्याच्याकडे बघत बसलो. साठ वर्षं त्याला माहीत नव्हतं. आणि कळलं तेव्हा त्याच्या हातातला काटाचमचाही खाली गेला नाही. मला तेच हवंय. अभिमान नको. माहीत नसणं हवंय.

निशी


सोलापूर
२९ ऑगस्ट २०१४

निशिकांत,

दाखला माझ्यापाशी आहे आणि माझ्यापाशीच राहील.

त्यात जातीच्या रकान्यात हेडमास्तरांनी 'हिंदू ढोर' असं लिहिलं आहे, टाकाने, ठळक. त्या दोन शब्दांवर तुला स्कॉलरशिप मिळाली, वसतिगृह मिळालं, इंजिनियरिंगची जागा मिळाली. तुझा बाप, आबा, कातडं सोडून मिलमध्ये गेला, त्याचे कान मागांच्या आवाजाने गेले, माझे कान म्हातारपणाने. तुझे कान शाबूत आहेत, म्हणून तुला 'अय्या, किती छान' एवढंच ऐकू येतं.

तुला बार्करसारखं विसरायचंय? अरे, बार्कर विसरला म्हणून सुटला नाही. त्याला कोणी विचारत नाही म्हणून तो विसरू शकला! त्याच्या देशात शंभर-दोनशे वर्षांत बार्करच्या पोराने पोतनीसाच्या पोरीशी लग्न केलं, पोतनीसाने बार्करच्या खाणावळीत जेवण केलं, आणि वास उडून गेला. आपल्याकडे कोणी काही उडू दिलं नाही. विसरायला आधी बाकीच्यांनी विसरावं लागतं. तू एकटा विसरून काय होणार? तू नाव बदलशील, ते नव्या नावाचं गाव विचारतील. गाव सांगशील, ते कुलदैवत विचारतील. कुलदैवत सांगशील, ते मामाचं आडनाव विचारतील. किती दारं लावत बसशील?

आणि खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलायचं होतंस. कातड्याच्या पखालीतलं पाणी देवाच्या अंगावर कोण घालेल रे? कावड म्हणाला असतास तर खपून गेलं असतं. पखालीचं पाणी अभिषेकाला चालत नाही, हे कुठल्याही पोतनीसाला पाळण्यात असल्यापासून माहीत असतं. सोवळ्यातल्या घरात तर मूलही हसेल. त्यांना त्याच दिवशी कळलं असेल. पाच वर्षं ते तुझ्या तोंडावर तुला मानकरी म्हणतायत!

यावर विचार कर. मोदक कसे झाले ते कळव.

काका


सेम्बावांग
१४ सप्टेंबर २०१४

काका,

मोदक झाले नाहीत.

तुमचं पत्र गणपती उठल्यावर मिळालं. त्याआधी काय झालं ते सांगतो.

२२ ऑगस्टला यार्ड आणि फायनान्सची मीटिंग होती. मीटिंगनंतर सगळे जेवायला बसलो. बार्कर माझ्या पाठीवर थाप मारून अभयला म्हणाला, "तुला माहीत आहे का? पखाले आणि मी भाऊबंद आहोत. दोघांचेही पणजोबा कातडं कमवायचे. गावाबाहेर! वासामुळे!" त्याला वाटलं तो माझं कौतुक करतोय. करतच होता.

टेबलावर आम्ही तीन मराठी माणसं होतो. अभय म्हणाला, "ओह, इंटरेस्टिंग." पाणी प्यायला. मग म्हणाला, "जॉर्ज, तू ती तिसऱ्या तिमाहीची फाईल पाहिलीस का?"

एवढंच झालं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. एरवी बघतात, तेवढंही नाही.

सोमवारी मीनलचा विनीताला फोन आला. "विनीता, अगं यंदा मोदक आम्ही केटररकडून मागवतोय. दर वर्षी तुझ्यावरच सगळा भार पडतो, आम्हालाच वाईट वाटतं. तू यंदा नुसतं नटूनथटून ये." विनीता 'बरं' म्हणाली. फोन ठेवून तिने पिठीचा डबा कपाटात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. मग श्रियाला ओरडली, काही कारण नसताना.

गेलो आम्ही. आरती झाली. मीनलने विनीताला हळदीकुंकू लावलं, श्रियाच्या हातात चॉकलेट दिलं. अभयने मला बोनसबद्दल विचारलं. एक नवं कुटुंब आलं होतं, पुण्याचं. अभयने ओळख करून दिली, "हे निशिकांत, यार्डात आहेत." नुसतं निशिकांत.

तुम्ही म्हणता त्यांना आधीपासून माहीत होतं. असेलही. मग चार वर्षं त्यांनी आमच्या घरचे मोदक खाल्ले ते माहीत असून खाल्ले. म्हणजे चांगली माणसं झाली ना? की माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत बोललं जाणं वेगळं? यंदा तीनशे लोक होते, एका घरात तीनशे मोदक होत नाहीत, हेही खरं आहे. कदाचित मीनलला खरंच वाईट वाटत असेल. भांडायचं तर कोणाशी? कोणी काही बोललेलंच नाही. बसमध्ये झोपतो त्या सव्वा तासात हल्ली मी हिशोब घालत असतो, कोण काय म्हणालं, कसं म्हणालं. झोप होत नाही. काका, अपमानाने माणूस दमत नाही असं तुम्ही भाषणात म्हणायचात. पेटतो म्हणायचात. मला कोणी अपमान केला की नाही तेच कळत नाही, आणि त्याने मी फार दमलो आहे.

दाखला पाठवा. हात जोडून सांगतो.

निशी


सेम्बावांग
११ जानेवारी २०१५

ती. काका,

मी विनीता. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, खाली पुनश्च म्हणून दोन ओळी तेवढ्या लिहिल्या. आज पूर्ण लिहिते, आणि निशिकांतला न सांगता.

चार महिने तुमचं पत्र नाही. तुमची तब्येत बरी आहे हे शेजारच्यांना फोन करून मी विचारून घेतलं, म्हणजे तुम्ही मुद्दाम लिहीत नाही. इथे तो रोज बसमधून उतरला की ब्लॉकखालच्या लेटरबॉक्सला किल्ली लावतो. विजेचं बिल आणि पिझ्झाची जाहिरात घेऊन वर येतो. मी विचारत नाही, तो सांगत नाही.

तो तुम्हाला जे लिहीत नाही ते मी लिहिते. कँटीनला जाणं त्याने बंद केलंय. डबा यार्डातच कंटेनरच्या सावलीत बसून खातो. बार्करसाहेब दोनदा विचारायला आले, तुझं काही बिनसलंय का म्हणून. त्यांना काय सांगणार? त्यांनी केलं काय, ते त्यांना सात जन्मात समजणार नाही. दिवाळीला अभय-मीनलकडचं बोलावणं आलं होतं, रीतसर, कार्डासकट. हा गेला नाही. मला म्हणाला, डोकं दुखतंय. मीनलने मला मेसेज केला, "मिस्ड यू!" आणि तीन फुलं. मी त्या फुलांकडे किती तरी वेळ बघत बसले, खरी आहेत का खोटी.

आता माझं म्हणणं ऐका. नाव बदलण्यावरून तुम्ही दोघं इतकं पेटलात, मला गंमत वाटते. माझं नाव तर बदलून दहा वर्षं झाली. मी सोनवणे होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव काढलं, आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्यात, पुढच्या रांगेत होतात. तेव्हा कोणी मला म्हणालं नाही की तू तुझ्या पूर्वजांशी बेइमानी केलीस. तेव्हा नाव एवढं पवित्र नव्हतं वाटतं?

मला स्वतःला विचाराल तर बदलू नये असं वाटतं, आणि त्याला माझी कारणं आहेत. कंटाळा, हे मुख्य. पुन्हा सगळे कागद! पण तो दाखला त्याचा आहे. तुमच्या कपाटात आहे म्हणून तुमचा होत नाही. माणूस चुकीचं करेल म्हणून त्याचे कागद अडवून ठेवणं, हे आपल्या लोकांबरोबर दुसऱ्यांनी पुष्कळ केलंय. तुम्ही करू नका.

जास्त बोलले असेन तर बोलले.

विनीता


सोलापूर
२ फेब्रुवारी २०१५

निशी,

सोबत दाखला आहे. मूळ प्रत. प्लास्टिकच्या पिशवीत घातला आहे, घडीवर फाटायला आलाय, जपून उघड.

विनीताचं पत्र आलं होतं. तिला काही बोलू नकोस. तिने मला एका पानात जे सुनावलं ते मला चाळीस वर्षांत कुठल्या सभेत कोणी सुनावलं नाही. बरोबर बोलली म्हणून राग आला, आणि राग उतरायला दोन आठवडे लागले.

मी लिहीत नव्हतो याचं कारण मात्र वेगळं आहे. तुला काय लिहावं ते मला माहीत होतं, आणि ते लिहिता येत नव्हतं.

एकोणीसशे एकाहत्तर साली मी पुण्याला बी.ए.ला होतो. वसतिगृह भरलं होतं. पेठेत खोली शोधत हिंडलो. सहा घरांनी आडनाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. सातव्या घरी मी पराडकर झालो. एका पाटीवर वाचलं होतं, तेच सांगितलं. दोन वर्षं पराडकर म्हणून राहिलो. मालकीणबाई मला सणाला वरणभात वाढायच्या. मी हात कुठे ठेवायचा, पाणी कसं प्यायचं, हे सगळं बाकीच्या पोरांचं बघून शिकलो. वाचन कमी आणि पहारा जास्त अशी दोन वर्षं गेली.

दुसऱ्या वर्षी आई आली. न कळवता. एसटीने, एकटी, गाठोड्यात भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन. पत्ता माझ्याच पत्रावरून कोणाकडून तरी वाचून घेतला होता. दारात मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली, "पराडकर, कोण बाई आल्यायत बघा." मी बाहेर आलो. आईकडे बघितलं. आणि मालकीणबाईंना म्हणालो, "आमच्या गावाकडची बाई आहे. घरून निरोप घेऊन आली असेल."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. लगेच म्हणाली, "व्हय बाई. पराडकर सायबांच्या घरचा निरोप हाय." गाठोडं उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं, पाणीसुद्धा न पिता निघून गेली. स्टँडवर कुठे बसली, कधीची गाडी मिळाली, मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आबाला पण नाही.

त्यानंतर मी पखाले हे नाव माईकवरून गर्जून सांगत हिंडलो. चौदा एप्रिलला, परिषदांत, शाळेत. लोक म्हणायचे काय धगधगता माणूस आहे. ती धग कशाची होती ते तुला आज सांगितलं. ही गोष्ट मी एकाही व्यासपीठावरून सांगितलेली नाही. आता सांगायला व्यासपीठ नाही आणि ओरडायला दम नाही.

तू तुझ्या आईला नाकारलं नाहीस. तू फक्त थकलास. तेव्हा तुला अडवण्याचा मला काहीही अधिकार नाही. बदलायचं तर बदल. पराडकर तेवढं घेऊ नकोस.

काका


सेम्बावांग
२६ जुलै २०१५

काका,

दाखला फेब्रुवारीतच मिळाला होता. पोच म्हणून दोन ओळी पाठवल्या त्यापेक्षा जास्त तेव्हा लिहिता आलं नाही. तुमचं पत्र विनीताने वाचलं, मीही किती तरी वेळा वाचलं. आजीबद्दल काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही इकडे या, नाहीतर मी डिसेंबरात येतो, तेव्हा समोर बसून बोलू. हे पत्रातलं काम नाही.

वकिलाकडे गेलो होतो, मे महिन्यात. सेरंगून रोडजवळ एका दुकानाच्या वर ऑफिस आहे. तमिळ बाई, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मसुदा टाईप करून तयार होता, नव्या आडनावाची जागा तेवढी कोरी. त्यांनी तो वाचून दाखवला. 'माझे पूर्वीचे नाव मी कायमचे टाकत आहे' अशा अर्थाची दोन लांबलचक वाक्यं. ते ठीक होतं. मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला आणि पेनाने एकेक ओळ दाखवत गेल्या. बँकेला कळवा, कंपनीला कळवा, विम्याला, भारतीय वकिलातीला. डिग्रीच्या सर्टिफिकेटवर जुनं नाव आहे ना? वेल्डिंग तपासनीसाचं लायसन? लग्नाचं? मुलीच्या जन्माचं? ती बदलत नाहीत. प्रत्येकाबरोबर हे प्रतिज्ञापत्र जोडायचं. "मिस्टर पखाले, एव्हरी टाईम मस्ट शो बोथ, ओके? ओल्ड नेम, न्यू नेम. पीपल विल आस्क व्हाय यू चेंज, यू जस्ट टेल देम लाह."

मी विचारलं, किती वर्षं?

त्या म्हणाल्या, "फॉरएव्हर लाह. तुमच्या मुलीलाही. तिच्या जन्माच्या दाखल्यावर तेच आहे ना?"

काका, आत्ता मला एकच प्रश्न विचारतात, पखाले म्हणजे काय. नाव बदललं की दोन विचारतील. पखाले म्हणजे काय, आणि सोडलंत का. आणि पखाले हे नाव लपवण्यासाठी ते प्रत्येक टेबलावर मला स्वतःच्या हाताने काढून दाखवावं लागेल. मी बाईंना म्हटलं, मला विचार करायचाय. त्यांनी फी घेतली आणि चष्मा खाली ओढला. बाहेर येऊन एका दुकानात चहा घेतला आणि पुन्हा वर गेलो नाही.

यात अभिमान शोधू नका. तुम्ही खूश व्हाल, म्हणून आधीच सांगतो. लपवायला फार मेहनत लागते, आणि माझ्याकडे आता तेवढी शक्ती नाही. एवढंच कारण आहे. या महिन्यात श्रियाच्या प्रवेशाचा फॉर्म भरला. श्रिया निशिकांत पखाले. काउंटरवरच्या मुलीने स्पेलिंग नीट तपासून घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला.

पण एक काम राहिलं होतं. मागच्या रविवारी अभय गणपतीची वर्गणी घ्यायला आला. मीनल खाली गाडीत होती. विनीताने चहा ठेवला. तो कागदपत्रं आवरून उठत होता तेव्हा मी म्हटलं, "अभय, बस जरा. गेल्या वर्षी बार्कर जे म्हणाला ते खरं होतं."

"काय म्हणाला होता रे? मला आठवत पण नाही."

"तुला आठवतंय."

तो बसला.

मी म्हटलं, "आम्ही कातडं कमावणारे. पखाली शिवणारे. अभिषेकाचं मी तुला सांगितलं ते खोटं होतं. अशा पखालीचं पाणी देवाला चालतच नाही, हे तुला माहीत असेल."

अभय म्हणाला, "अरे, सोड रे! आजकाल कोण मनावर घेतं असलं काही? आपण सिंगापुरात आहोत." हे तो फार भराभर बोलला.

मी म्हटलं, "मी घेतो. सहा वर्षं घेतोय."

मग कोणीच काही बोललं नाही. काका, अशी शांतता आमच्या घरात, त्यांच्या घरात, त्या जेवणाच्या टेबलावर, किती तरी वेळा झाली आहे. दर वेळी ती मोडायचं काम माझं असायचं. हसायचं, विषय काढायचा, श्रियाच्या शाळेचं काहीतरी बोलायचं. या वेळी मी काही केलं नाही. माझ्यात ताकदच नव्हती. मी बसून राहिलो आणि ती त्याला वाहू दिली. त्याने कपाळ पुसलं, पंख्याकडे बघितलं, मोबाईल उलटा ठेवला, सुलटा ठेवला. खूप वेळाने म्हणाला, "मीनलला मी तेव्हा म्हटलं होतं, मोदकाचं तसं करू नकोस म्हणून." मग लगेच, "म्हणजे, ती संख्या जास्त होती, ते आहेच." त्याला ऐकू आलं होतं आपण काय बोललो ते.

म्हणजे मला जे वर्षभर कळत नव्हतं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याबरोबर ते मोजणं संपलं, कोण काय म्हणालं आणि कसं म्हणालं. लिफ्टपर्यंत मी त्याला सोडायला गेलो. दार बंद होताना तो म्हणाला, "येणार ना रे गणपतीला?" मी म्हटलं, बघू. खरंच अजून ठरवलेलं नाही.

घरात आलो आणि सोफ्यावर आडवा झालो. दुपारचे तीन वाजले होते. खाली कुठे तरी बास्केटबॉल खेळत होते, खिडकीतून ऊन येत होतं. विनीता म्हणते मी संध्याकाळी सहापर्यंत झोपलो, आणि घोरत होतो.

निशिकांत पखाले